नोआमला, दिमोनाहून (इस्रायल)

चि. नोआम यास,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी शब्बाथ सुटला आणि तू बॅग उचलून निघालास. जेवलाही नाहीस. माशाचं कालवण आणि भात डब्यात भरला होता, तो तसाच राहिला. तेल अवीवला पोचल्याचं तू शुलीला कळवलंस, मला नाही. फोन केला की म्हणतोस, "आई, तालीम आहे, नंतर." म्हणून लिहायला बसले. मराठीत लिहिते, कारण हिब्रूत मला अर्ज लिहिता येतात, मनातलं लिहिता येत नाही. जोडाक्षरांना अडशील. अडलास की मोठ्यानं वाच, डोळ्यांना नाही कळलं तरी कानाला कळेल. इथून निघणाऱ्या 'मायबोली' या आपल्या मराठी नियतकालिकाचे जुने अंक मांडीवर घेऊन तुला बाराखडी शिकवायची, तेव्हा शेजारपाजारचे म्हणायचे, या देशात त्याला याचा काय उपयोग? आज झाला.

त्या कामाबद्दल मी काहीच लिहिणार नाही. काम तुझं आहे. टीव्हीवरचं पहिलं काम मिळावं म्हणून किती मुलं वर्षानुवर्षं हॉटेलात ताटं उचलत राहतात, हे तुझ्याबरोबर राहून मला कळलंय. बातमी कळली त्याच संध्याकाळी मी लीआ आत्याला सांगितलं, ठाण्याला रेबेकामावशीला सांगितलं, मसाला आणायला गेले तर दुकानातल्या बाईलाही सांगितलं. रेबेकामावशीनं विचारलं, काम कसलं? मी म्हटलं, विनोदी. कोणाचं ते सांगितलं नाही.

बघ, आलेच ना त्यावर.

खरं तर मला लिहायचंय ते झेएव रेवाहबद्दल, आपल्या सिनेमातल्या त्या विनोदी नटाबद्दल. शुक्रवारी तू पप्पांना म्हणालास, "रेवाहनं आयुष्यभर हेच केलं. मोरोक्कोच्या लोकांचे हेल काढले, त्यांच्या खोड्या दाखवल्या, आणि तुम्ही सगळे त्याच्यावर जीव टाकता. मग मी हिंदी माणसाचं सोंग केलं तर काय बिघडलं?" पप्पांना त्याचं उत्तर देता आलं नाही. ते ताट सारून गॅलरीत गेले आणि तुला वाटलं ते नोकरी सोडल्याचा राग काढतायत. नोकरीचा राग त्यांना होता, पण तो पुरीमच्या सणाआधीच ओसरला. तुझा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. प्रश्न खोटा नाही. त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

2025 च्या जानेवारीत रेवाह गेला त्या दिवशी तुझाच फोन आला होता. काही बोलला नाहीस, नुसतं म्हणालास, "आई, रेवाह." चौऱ्याऐंशी वर्षांचा होऊन गेला, तरी मला घरातला एखादा काका गेल्यासारखं वाटलं. त्या रात्री टीव्हीवर त्याचे जुने प्रसंग लावत होते आणि पप्पा एकेक वाक्य आधीच म्हणून दाखवत होते. तुझं सोंगाचं वेड मूळचं कुणाकडून आलंय ते एकदा पप्पांना विचार. ते कबूल करणार नाहीत.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्हाला ठाण्याहून येऊन फार दिवस झाले नव्हते. मी ठाण्याच्या मराठी शाळेत पाचवी करून आलेली, हिब्रू निम्मीशिम्मी. सॅमीमामा मला सिनेमाला घेऊन गेला. 1974 चा 'चार्ली वाहेत्सी', आमच्या गावात जरा उशिरानं आला असेल. हॉलमध्ये पायाखाली सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांचा थर. येहुदा बरकान मुख्य कामात, आणि रेवाह त्यात सासोन. मला संवाद कळत नव्हते, पण आमच्या जिन्यात राहणारी मोरोक्कन बाई, जी एरवी कोणाशी धड बोलायची नाही, ती खुर्चीतून उठून उठून हसत होती. तिच्या मुलांनी शिट्ट्या मारल्या. सॅमीमामा तर रडेपर्यंत हसला. पुढच्या वर्षी 'हागिगा बस्नूकर' आला, त्यात बरकान जुळ्या भावांच्या दुहेरी कामात आणि रेवाह त्याचा जोडीदार. दोन्ही सिनेमे दिग्दर्शक बोआझ डेव्हिडसनचे. आता ते स्वातंत्र्यदिनाला लागतात आणि तुमच्या पिढीला तोंडपाठ आहेत. तेव्हा मात्र वर्तमानपत्रांत त्यांच्यावर काय काय लिहून यायचं! स्वस्त, गल्लीछाप, 'बुरेकास' सिनेमे, रस्त्यावरच्या त्या खाऱ्या पेस्ट्रीच्या नावानं हिणवलेले. लिहिणारे लोक निराळ्या वस्तीतले होते. हॉल भरायचा तो आमच्यासारख्यांनी.

तो कुठून आला हे तुला माझ्याहून जास्त माहीत असेल, पण मला पुन्हा सांगू दे, सांगताना माझंच मला उलगडतं. 1940 साली मोरोक्कोत, रबातला जन्म. इस्रायल देश झाला त्याच साली लहानपणी इकडे आणला. वाढला जेरुसलेमच्या मुसरारा मोहल्ल्यात. त्या काळी सरहद्द शहराच्या मधूनच जायची आणि मुसरारा तिच्या अगदी काठावर. पडकी घरं, एका खोलीत सगळं कुटुंब, पलीकडे जॉर्डनचे शिपाई. उत्तर आफ्रिकेतून आलेल्यांना तिथे नेऊन बसवलं होतं. 1971 मध्ये ब्लॅक पँथर म्हणवणारी पोरं मोर्चे काढत बाहेर पडली ती याच मोहल्ल्यातून. आम्हालाही घर हवं, शाळा हवी, आम्हाला खालचे समजू नका, असं ओरडत. रेवाहच्या वाट्याला त्याच गल्ल्या आल्या, पण त्याच्या हातात नाटक आलं.

तर त्या हॉलमध्ये जे झालं ते मी तुला सांगू पाहते. तो पडद्यावर आमच्या जिन्यातल्या त्या बाईच्या नवऱ्यासारखा बोलत होता, तसेच हात नाचवत होता, तसाच चिडत होता. पण ती बाई खजील झाली नाही. तिला कोणी हसत नव्हतं. सोंगाड्या असो, लबाड असो, पण त्याला काहीतरी हवं होतं आणि ते मिळवायला तो जीव काढत होता. पोरगी हवी होती, पैसा हवा होता, मान हवा होता. आणि मोठ्या घरातले लोक त्याच्यापुढे गडबडून जात होते. 1976 मध्ये त्यानं स्वतः दिग्दर्शन केलं, 'राक हायोम'. त्यात तो बाजारातला भाजीवाला झाला. भाजीवाल्यालाही हवं-नको असतं, मत असतं, मस्ती असते.

आता तुझा तो बांधकामावरचा हिंदी मजूर. मुकादम काही विचारतो, तो मान हलवतो. पुन्हा विचारतो, पुन्हा मान. मुकादमाला हो की नाही कळत नाही आणि भिंत चुकीच्या जागी उभी राहते. तू ते शुक्रवारी चपात्यांचा डबा डोक्यावर शिरस्त्राणासारखा घालून करून दाखवलंस. तुझी मान काय हलली! शुलीची पोरं गडबडा लोळली. मीही हसले. तुझ्या अंगात ते आहे, आणि माझ्या पोटी आलेल्या मुलाच्या अंगात ते आहे याचा मला केवढा अभिमान वाटतो, तो कसा लिहू? पण नोआम, त्या माणसाला काय हवंय? पूर्ण प्रसंगात त्याला काहीच नको आहे. तो तिथे फक्त मान हलवायला आणलेला आहे.

मी म्हटलं होतं लिहिणार नाही. लिहिलंच. आता लिहिलंय तर पुढचंही वाच.

तू म्हणशील, मग शायके ओफिरचं काय? तो तर मोरोक्कन नव्हताच. खरं आहे. तो जेरुसलेमचाच, जन्म 1928, घरचं आडनाव गोल्डस्टीन. देश होण्याआधीच्या पाल्माख या लढाऊ दलाच्या करमणूक पथकातून, चिझबात्रोनमधून वर आला, मग पॅरिसला जाऊन मूकाभिनय शिकला. आणि 1971 मध्ये एफ्राइम किशोननं त्याला याफोच्या पोलीस ठाण्यातला हवालदार आझुलाय केलं. मोरोक्कन पोलीस. किशोन हंगेरीचा, ओफिर गोल्डस्टीनांचा, म्हणजे ज्याचं सोंग त्यातला दोघांपैकी एकही नाही. त्याच्या आधी 1964 मध्ये किशोननंच खाईम टोपोलला सल्लाह शबाती केलं होतं. टोपोल तेव्हा तिशीच्याही आतला तेल अवीवचा मुलगा, आणि सोंग पौर्वात्य देशातून आलेल्या पोरवड्याच्या बापाचं. त्या सल्लाहवर आजही वाद होतात. पप्पांना तो पूर्ण बघवत नाही. आझुलायवर आमच्या घरात कधी वाद झाला नाही, त्याचं कारण तुझे आजोबा.

हे तुला कोणी सांगितलेलं नाही. पप्पा सांगणार नाहीत म्हणून मी सांगते, आणि मी सांगितलंय हे त्यांना कळलं तरी चालेल.

आजोबा मुंबईत पोलिसात हवालदार होते. तो फोटो तू पाहिलायस, पट्टा, टोपी, मिशा. भायखळ्याला रस्त्यानं निघाले की पोरं बाजूला व्हायची. 1963 मध्ये सगळं कुटुंब इथे आलं आणि आजोबांना कापडाच्या कारखान्यात काम मिळालं. मागावर. पन्नाशीला आलेला माणूस, हिब्रू येत नाही, इंग्रजी थोडी. तिथे एक मुकादम होता. आजोबांना काही सांगितलं की ते आपण हलवतो तशी मान हलवायचे, समजलं म्हणून. तो मुकादम ती मान करून दाखवायचा, पाळी बदलताना सगळ्यांच्या समोर. पप्पा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. आजोबांचा डबा घेऊन जायचे. त्यांनी ते पाहिलं. एकदा नाही. आणि आजोबाही हसायचे, सगळ्यांबरोबर, कारण दुसरं काय करणार?

पुढे आजोबांनी मान हलवणं बंद केलं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला नवल वाटायचं, हे ठाण्यामुंबईचे म्हातारे आणि बोलताना मान इतकी ताठ कशी? मला वाटलं, पोलिसातली सवय. तुझ्या आजीनं मला नंतर सांगितलं.

शुक्रवारी तू जो आवाज काढलास तो कुठून उचललास? शुली वयात आली तेव्हाच्या समारंभाच्या, बात मिट्झवाच्या कॅसेटवरून, होय ना? आजोबा आशीर्वाद देतात तो भाग. मला आधी लक्षात आलं नाही. पप्पांच्या आलं. तुझ्या तोंडून त्यांचे वडील बोलत होते, आणि मान त्या मुकादमाची होती.

तुला दोष देत नाही. तू जन्मला नव्हतास. आणि तू प्रेमानंच तो आवाज जपलायस, हे मला कळतं. पप्पांनाही कळतं, त्यांना वेळ दे.

तर आजोबा आणि आझुलाय. मी लग्न होऊन आल्यावर एका स्वातंत्र्यदिनाला तो सिनेमा टीव्हीवर लागला होता. तेव्हा एकच वाहिनी, सगळं गाव तेच बघायचं. आझुलाय हवालदार वीस वर्षं नोकरी करूनही साधा हवालदारच. चोर त्याच्या हातावर तुरी देतात, वरिष्ठांना तो नकोसा झालाय, त्याला निवृत्त करायचं ठरलंय. पण तो अरबी बोलतो, फ्रेंच पाहुणे आले तर फ्रेंच बोलतो, शब्बाथला दगडफेक करायला निघालेल्या धर्मवाद्यांशी धर्मग्रंथातलीच वचनं बोलून त्यांना शांत करतो. माणूस हुशार आहे, फक्त त्याची हुशारी पोलीस ठाण्याच्या वहीत मावत नाही. शेवटी याफोचे बदमाशच त्याच्यासाठी एक गुन्हा ठरवून करतात, त्यानं तो पकडावा आणि त्याची नोकरी टिकावी म्हणून. त्याला बढती मिळते आणि त्याच वेळी निवृत्तीही. तो ओळीसमोरून सलामी घेत जातो आणि डोळे भरून आलेले. ओफिरनं ते कसं केलंय, तू शंभरदा पाहिलंयस, मी काय सांगू.

आजोबा सोफ्यावरून उठले, चपला बाजूला केल्या आणि टीव्हीसमोर ताठ उभे राहून सलाम ठोकला. कोणी हसलं नाही. आजीनं पदर डोळ्यांना लावला. मग ते बसले आणि म्हणाले, "या माणसानं पोलिसात नोकरी केलेली असणार." केली नव्हती. पण त्यांना तसं वाटलं.

त्या सिनेमाला गोल्डन ग्लोब मिळाला, ऑस्करच्या शेवटच्या पाचात गेला, ते सगळं आहेच. ओफिर 1987 मध्ये कर्करोगानं गेला, साठीही गाठली नाही. त्याच्या नावानं आता आपल्या सिनेमाचे पुरस्कार देतात. पण मला विचारशील तर त्याचा मोठा पुरस्कार आमच्या दिवाणखान्यात झाला. मुंबईच्या एका निवृत्त हवालदाराला तो आपला वाटला. दुसऱ्याचं सोंग करायचं नाही असं मी म्हणतच नाही. कर, हवं त्याचं कर. पण ज्याचं करतोस तो समोर बसलेला असला तर त्यानं उठून उभं राहावं, असं कर.

भाषण झालं. माफ कर. मला ठाऊक आहे, तू नवा आहेस, लिहून आलेल्या ओळी म्हणणं तुझं काम आहे, आणि नव्या मुलानं लेखकाला शहाणपण शिकवलं तर दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा येतो. खोलीचं भाडं काय आहे तेही मला माहीत आहे. काम सोडून ये असं मी म्हणणार नाही. मिलुइमला, सैन्याच्या राखीव सेवेला होतास तेव्हा रात्र रात्र फोनकडे बघत काढली. त्यापुढे हे किती लहान! तू जिवंत आहेस, लोकांना हसवतोयस, कामाला जातोयस. मी देवाकडे एवढंच मागितलं होतं. परत आलास तेव्हा एलियाहू हानाबी, आपला प्रेषित, त्याच्या नावानं मलीदा केला, पोहे, खोबरं, साखर, पाच फळं. तू फळं तेवढी वेचून खाल्लीस.

रेवाहचं पुढचं राहिलं. लोकांनी त्याला कायम त्या गल्लीतल्या लबाडाच्याच कपड्यांत पाहिलं. 1987 मध्ये त्यानं 'बूबा' नावाचा गंभीर सिनेमा काढला, पण रस्त्यात भेटणारे त्याला जुनेच संवाद म्हणायला लावायचे. मग 2014 मध्ये 'मिता तोवा' आला. आपण बेरशेव्याला पाहायला गेलो होतो, तू, मी, पप्पा. रेवाह त्यात म्हातारा येहेझकेल, वृद्धांच्या वस्तीत राहणारा, सतत काहीतरी यंत्रं जोडणारा. सुरुवातीला तो एका आजारी म्हातारीला फोन करतो, आवाज यंत्रातून बदलून, आणि तिला सांगतो की मी देव बोलतोय, वर अजून जागा रिकामी नाही, तू औषधं घेत राहा. सगळा हॉल हसला आणि माझ्या घशात काहीतरी अडकलं. त्याची बायको, लेव्हाना फिंकेलस्टाईन, हळूहळू सगळं विसरत चाललेली. तो तिच्याकडे बघतो तेव्हा चेहऱ्यावर काहीच करत नाही. आयुष्यभर ज्यानं हात नाचवले तो हात मांडीवर ठेवून बसतो. त्या कामाला त्याला ओफिर पुरस्कार मिळाला. ज्यांच्या वर्तमानपत्रांनी त्याला गल्लीछाप म्हटलं होतं, त्यांनीच तो दिला असेल, निदान त्यांच्या मुलांनी.

मला तेव्हा वाटलं, हा माणूस कधी बदललाच नाही. सासोनमध्ये जे होतं तेच येहेझकेलमध्ये होतं. फक्त आता सगळ्यांना दिसलं.

तू घरी येताना गाडीत म्हणालास, मला हे करायचंय. तू तेव्हा सतरा वर्षांचा. पप्पा म्हणाले, आधी परीक्षा. मी काही बोलले नाही, पण मला माझे वडील आठवले. त्यांना डेव्हिडचं केवढं कौतुक! डेव्हिड अब्राहम चेऊलकर, आपल्यातलाच, ठाण्याचा. 'बूट पॉलिश'मधला जॉन चाचा, पुढे 'गोलमाल'मधला केदारमामा. बाबा म्हणायचे, त्याला हिंदी सिनेमानं हिंदू केलं, ख्रिश्चन केलं, पारशी केलं, डॉक्टर केलं, आणि दर वेळी तो शेजारच्या घरातला वाटला. ठिंगणा, टकला, हसरा माणूस. हसवायचा, पण मुलांना त्याच्या कुशीत जाऊन बसावंसं वाटायचं. आमच्या सिनेगॉगमध्ये त्याचं नाव असं घेतलं जायचं, जसं दुसऱ्यांच्या घरी एखाद्या कलेक्टरचं घेतात. तेव्हा नटाचं काम हलकं, असं आपल्या घराण्यात कोणी तुला सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

आणि आपण कोण आहोत, हेही थोडं लक्षात ठेव. लीआ आत्या 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला रस्त्यावर बसली होती, आपल्या लोकांबरोबर. आपण बेने इस्राएल, महाराष्ट्रातून आलेले ज्यू, खरे ज्यू आहोत की नाही, यांच्या मुलींशी लग्न लावायचं की नाही, यावर रब्बी चौकशा करत होते, आई कोणाची, आजी कोणाची, पिढ्या मोजत. ऑगस्टमध्ये क्नेसेटला, इथल्या संसदेला, ठराव करावा लागला की हे लोक सर्व बाबतीत ज्यू आहेत. आत्या तेव्हा वीसची नव्हती. तिला अजून कोणी गंमतीनं जरी विचारलं, तुम्ही कुठल्या, तरी तिचा चेहरा बदलतो. तुझा कार्यक्रम लागेल तेव्हा ती टीव्हीसमोर बसणार आहे, शेजारणींना बोलावून. बोलावलंय तिनं आधीच.

मी पुन्हा तिथेच आले. काय करू? रात्री झोपताना ठरवते, सकाळी याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, आणि सकाळी चहा ठेवताना तुझी ती मान डोळ्यांसमोर येते.

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते. गेल्या आठवड्यात मसाल्याच्या दुकानात तीन मुलं भेटली. बांधकामावर आलेली, 2023 मध्ये युद्ध सुरू झाल्यावर भारतातून मजूर आणले ना, त्यातली. दोघं उत्तर प्रदेशातले, एक तेलंगणातला. मी हिंदीत बोलले तर कसे खुलले! एकाची परीक्षा लखनौला झाली होती, तिथे त्याला भिंत बांधून दाखवायला लावली होती. त्यासाठी त्यानं आधी दोन महिने गावातल्या गवंड्याकडे फुकट काम करून हात बसवला. कर्ज काढलंय, बहिणीचं लग्न व्हायचंय. सायरन वाजला की मुकादम हिब्रूत ओरडतो आणि हे नवीन असताना कुठे पळायचं ते न कळून शिडीवरच उभे राहायचे, हे सांगताना तो स्वतःच हसत होता. मी त्याला विचारलं, मुकादमाचं बोलणं कळतं का? म्हणाला, "ताई, कळत नाही तेव्हा मान हलवतो. कळलं नाही म्हटलं तर कामावरून काढतील." आणि हलवून दाखवली.

बघ बाळा, हा तर तुझाच प्रसंग आहे. ओळ न् ओळ तीच. मुकादम, भिंत, मान. फक्त आता त्याला काहीतरी हवंय. त्याची नोकरी जायला नको आहे. आझुलायला हवं होतं तेच त्याला हवं आहे. एवढं एक आत घातलंस तर मान हवी तेवढी हलव, मी शेजारणींना घेऊन बघेन. आणि लोक आत्ता हसतील त्याहून जास्त हसतील, हे मी तुला सांगते. मला नाटकातलं कळत नाही, पण हसू कधी येतं ते कळतं. भिंत चुकीच्या जागी उभी राहतेय हे त्या मुलाला दिसतंय, तो लखनौची परीक्षा पास झालेला आहे, त्याला मुकादमापेक्षा चांगलं कळतं. पण सांगता येत नाही, आणि तो मान हलवत हलवत आपलं ते ओळंबा धरून सरळ करू बघतोय. हे तू करू शकतोस. तुझे हात मी पाहिलेत. मूकाभिनय शिकवणाऱ्या बाईनं तुझं केवढं कौतुक केलं होतं.

एवढ्यासाठी लेखकाशी भांडावं लागणार नाही. एक ओळही बदलावी लागणार नाही. डोळ्यांचं काम आहे.

कागदावर त्या मजुराला नाव आहे का? शुलीला तू पानं पाठवली होतीस ती तिनं मला वाचून दाखवली. तिथे नुसतं 'हिंदी मजूर' लिहिलंय. लेखकाला विचार, नाव ठेवलं तर चालेल का. दुकानातल्या मुलाचं नाव मी इथे लिहीत नाही, त्याला न विचारता ते वापरू नये. पण ती मुलं शुक्रवारी दुपारी दुकानात येतात, सामान घ्यायला. पुढच्या शुक्रवारी तू ये. मी तुला त्यांच्याकडे घेऊन जाते, मग त्यालाच विचार की तुला कोणतं नाव आवडेल. पप्पांनाही बरोबर येऊ दे. त्यांचं हिंदी तुझ्यापेक्षा बरं आहे.

चित्रीकरण कधी आहे ते कळव. त्याच्या आधीचा शुक्रवार जमत असेल तर बरं.

तुझी,
आई